शाई स्वस्त, कागद महाग

वाचकांचे प्रश्न : प्रिंटर आणि छपाईचा खर्च

प्रश्न : ताई, मी बार्शीत घरीच आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. मुलं साठेक आहेत. सराव प्रश्नपत्रिका आणि नोट्स मिळून महिन्याला पंधराशे पानं होतात, सगळी काळी-पांढरी. सध्या कार्ट्रिजचा छोटा इंकजेट आहे. त्याची शाई आठवडाभरात संपते. दुकानदार म्हणतो, इंक टँक घ्या, दहा पैशांत पान पडतं. दीर म्हणतात, लेझरच घे, शाईची कटकट नको. कोणाचं ऐकू?
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, दोघांचंही थोडं थोडं ऐका. पण त्याआधी तो छोटा प्रिंटर कामातून काढा. ही मशीनं स्वस्त मिळतात, कारण कंपनीची कमाई कार्ट्रिजवर असते. त्यातल्या काळ्या कार्ट्रिजा कंपनीच्याच आकड्यांनुसार शे-सव्वाशे पानांपासून फार तर चारशे-पाचशे पानांपर्यंत जातात. महिन्याला चार-पाच पानं छापणाऱ्यालाही त्या परवडत नाहीत (खालचं रत्नागिरीचं पत्र वाचा), तुमची तर गोष्टच सोडा.

आता दुकानदाराचे दहा पैसे. तो खोटं बोलत नाही. एपसनच्या टँक प्रिंटरांत, म्हणजे बाटलीतून शाई ओतायच्या मशीनांत, चालणारी ००३ नंबरची काळी बाटली घ्या. ती ६५ मिलीची असते आणि कंपनी तिच्यावर ४,५०० पानं सांगते. बाटली साडेचारशे रुपयांना धरली तर पान बरोबर दहा पैशांना पडलं. फक्त ही पानं कंपनीच्या चाचणीची असतात. ठरावीक नमुन्याची पानं सलग छापत गेल्यावर येणारा हा आकडा आहे. काळ्या शाईच्या बाबतीत ढोबळमानाने असं समजायचं, की पानाच्या शंभर भागांपैकी पाचच भाग काळे आहेत. तुमच्या भूमितीच्या आकृत्या, काळ्या पट्ट्यांचे तक्ते, पुस्तकाचं पान मोबाइलवर फोटो काढून छापलेलं, हे त्यात बसत नाही. फोटो काढलेल्या पानाची पार्श्वभूमी पांढरी दिसत असली तरी प्रिंटरला ती राखाडी दिसते, आणि तो इमानदारीने सगळ्या पानावर बारीक ठिपके मारत बसतो. छापण्याआधी मोबाइलच्या स्कॅनरमध्ये ‘काळं-पांढरं’ निवडलंत तर तेवढ्यानेच शाई बरीच वाचेल. मी घरगुती टँकचा हिशेब करताना पानाला पंधरा पैसे धरते. त्यात हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, साफ करताना वाया जाणारी शाईही आली.

लेझरमध्ये शाईऐवजी पावडर असते, आणि सगळं रिफीलवर, म्हणजे रिकाम्या कार्ट्रिजमध्ये पुन्हा पावडर भरण्यावर, अवलंबून आहे. आपल्याकडे हजारो दुकानांत अजून चालणारी एचपीची ८८ए कार्ट्रिज १,५०० पानांची आहे आणि १२ए २,००० पानांची. ८८ए ओरिजिनल घेतली आणि ती ४,८०० रुपयांना पडली असं धरलं, तर पान तीन रुपये वीस पैसे. हा भाव ऐकूनच लोक लेझरला घाबरतात. पण त्याच कार्ट्रिजमध्ये अडीचशे रुपयांत पावडर भरून घेतली तर पान सतरा पैसे. दर तिसऱ्या-चौथ्या रिफीलला ड्रम आणि ब्लेड हे कार्ट्रिजमधले झिजणारे भाग बदलायचे तीनशे रुपये त्यात मिळवा, म्हणजे तेवीस पैसे झाले. हे दर आमच्या मिरजेतले आहेत. बार्शीत दहा-वीस रुपये इकडे-तिकडे होतील.

म्हणजे पंधराशे पानांचे टँकवर सव्वादोनशे रुपये, रिफील केलेल्या लेझरवर साडेतीनशेच्या आत. फरक महिन्याला सव्वाशेसुद्धा नाही.

आता जो हिशेब कोणी विचारत नाही तो करू. पाचशे कागदांचं रीम तीनशे रुपयांना धरा. एक कागद साठ पैसे. पंधराशे कागद नऊशे रुपयांचे. शाई आणि पावडर यांच्यातल्या फरकाच्या ज्या सव्वाशे रुपयांसाठी तुम्ही दिराशी वाद घालताय, त्याच्या साडेतीनपटीहून जास्त पैसे पाठपोट छापलंत तर सुटतात. महिन्याचे साडेचारशे रुपये! आपोआप पाठपोट छापणारं मॉडेल थोडं महाग असतं, पण तुमच्यासारख्या कामाला त्याचे जादा पैसे वर्षभरात निघतात. तसं मॉडेल नसेल तर आधी विषम पानं छापायची, गठ्ठा उलटून परत ट्रेमध्ये घालायचा आणि सम पानं छापायची. सुरुवातीला एक-दोन पानांवर खूण करून बघा, कुठली बाजू वर ठेवायची ते प्रत्येक मशीनचं वेगळं असतं.

आणखी एक. साठ मुलांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची असेल तर साठ प्रती घरी काढूच नका. मोठ्या झेरॉक्सवाल्यांकडे डिजिटल डुप्लिकेटर असतो. त्यात मास्टर, म्हणजे पानाचा साचा, एकदा कापला की पुढच्या प्रती फार स्वस्त पडतात. शाळा आणि क्लासवाले तेच करतात. घरच्या प्रिंटरवर मूळ प्रत आणि किरकोळ पानं.

मी तुमच्या जागी असते तर पाठपोट छापणारा काळा-पांढरा लेझर घेतला असता. कारण पैशांचं नाही, मे महिन्याचं आहे. तुमच्या शिकवण्या एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत बंद असणार, आणि बार्शीचा उन्हाळा मला ठाऊक आहे. तेवढे दिवस टँक प्रिंटर नुसता पडून राहिला की हेडमध्ये शाई सुकते. एपसनच्या टँकमध्ये हेड मशीनच्या आतच बसवलेलं असतं आणि ते बदलायचं म्हणजे हजारांत खर्च. कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच टँक मॉडेलांत हेड सुटं मिळतं, तिथे जीव थोडा कमी टांगणीला लागतो. पावडर मात्र मुळातच कोरडी. ती सुकणार काय? मुलांना रंगीत आकृत्या हव्यातच असं वाटलं तर टँक घ्या, पण सुट्टीत आठवड्याला एक रंगीत पान छापायची जबाबदारी दिरांवर टाका.

लेझर घेताना दुकानदाराला एवढंच विचारा : सोबत येणारी कार्ट्रिज पूर्ण भरलेली आहे की स्टार्टर? बऱ्याच नव्या लेझरसोबत कमी पावडरीची स्टार्टर कार्ट्रिज येते आणि सहा-सातशे पानांत संपते. टँकसोबत मात्र बाटल्या भरलेल्या येतात, फक्त पहिल्यांदा नळ्या आणि हेड भरण्यात त्यातली काही शाई जाते. दुसरा प्रश्न तुमच्या रिफीलवाल्याला विचारा, दुकानदाराला नको : या मॉडेलची पावडर आणि कार्ट्रिजवरची चिप गावात मिळते का? काही नव्या मॉडेलांत चिप नसली किंवा बाहेरची असली की मशीन अडून बसतं. तिथे तेवीस पैशांचा हिशेब विसरा.

प्रश्न : मी निवृत्त आहे. महिन्याला चार-पाच पानं छापतो. बँकेचा एखादा फॉर्म, विजेचं बिल, कधी नातवाच्या प्रकल्पासाठी चित्र. दर वेळी प्रिंटर चालू केला की आडव्या पांढऱ्या रेघा येतात. हेड क्लीनिंग दोन-तीनदा करावं लागतं आणि मग कार्ट्रिज संपल्याचा दिवा लागतो. न छापता शाई जाते कुठे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काका, तुमचा प्रिंटर छापण्यापेक्षा स्वतःला धुण्यात जास्त शाई घालवतो. हेडची भोकं केसाहूनही बारीक असतात. काही दिवस शाई फिरली नाही की त्यांच्या तोंडाशी ती वाळते. क्लीनिंग म्हणजे खालून शाई जोरात ओढून भोकं मोकळी करणं. ओढलेली शाई मशीनच्या तळाशी असलेल्या स्पंजमध्ये जाते. आणि बऱ्याच मशीनांत फक्त काळ्याचीच भोकं बुजली असली तरी क्लीनिंग सगळ्या रंगांचं होतं, म्हणून न वापरलेला पिवळाही संपतो.

समजा, आठशे रुपयांची कार्ट्रिज चाळीस पानं छापून गेली. पान वीस रुपयांना पडलं. तुमच्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला एवढे घेत नाही. माझा सल्ला धंद्याच्या विरुद्ध आहे, पण खरा आहे : प्रिंटर विकत घेऊ नका. फॉर्मची फाइल मोबाइलमध्ये ठेवा, फिरायला जाल तेव्हा छापून आणा. नातवाचं चित्र फोटो स्टुडिओत द्या, घरच्यापेक्षा चांगलं निघेल.

घरात छपाई हवीच असेल तर छोटा काळा-पांढरा लेझर घ्या. तो दोन महिन्यांनी चालू केलात तरी पहिलं पान नीट येईल. तुमच्या कोकणात त्रास दुसरा होतो. पावसाळ्यात कागद दमट झाला की लेझरमधून वाकडा होऊन बाहेर येतो, अडकतो, अक्षरं फिकी पडतात. रीम फोडलं की उरलेला कागद त्याच वेष्टनात गुंडाळून डब्यात ठेवा, ट्रेमध्ये दहाच कागद ठेवा.

असलेलाच इंकजेट वापरायचा असेल तर दोन गोष्टी पाळा. तो बंद करताना भिंतीवरचं बटण दाबू नका, मशीनचंच दाबा. त्याने हेड आपल्या जागी जाऊन त्यावर झाकण बसतं. भिंतीवरून बंद केलात तर ते उघडंच राहू शकतं. आणि रविवारी एक रंगीत पान छापा.

प्रश्न : माझं जत तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र आहे. रोज दीडशे-दोनशे पानं असतात : सातबारा, दाखले, आधार, पासपोर्ट फोटो. एकच ऑल-इन-वन घ्यायचा विचार आहे. लाइट जाते म्हणून तो इन्व्हर्टरवर टाकणार आहे. कलर लेझर घेऊ का?
— एक केंद्रचालक

उत्तर : दादा, कलर लेझर नको. त्यात चार कार्ट्रिजा असतात, चारींचं रिफील, चारींचे ड्रम किंवा एक महागडा ड्रम युनिट. फोटो तर टँकसारखे येतच नाहीत. तुमच्याकडे दोन मशीनं हवीत. सातबारा आणि दाखल्यांसाठी काळा-पांढरा लेझर, फोटो आणि रंगीत आधारसाठी इंक टँक. एक बंद पडलं तरी दुकान चालू राहतं, हा मोठा फायदा कुठल्याच खर्चाच्या तक्त्यात लिहिलेला नसतो. रांगेत उभ्या माणसाला उद्या या सांगणं किती महाग पडतं ते तुम्हीच जाणता.

दाखला लेझरवर छापायचं कारणही आहे. पावडर म्हणजे बारीक प्लॅस्टिक. मशीनमधला फ्युजर दोनशे अंशांच्या आसपास तापतो आणि ते प्लॅस्टिक कागदावर वितळवून चिकटवतो. शेतातून ओल्या हाताने आलेल्या माणसाने धरलं तरी ते पसरत नाही. बऱ्याच टँकांची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. साध्या कागदावर थेंब पडला की गट नंबर पुसट झालाच. काही टँकांत फक्त काळी शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगाची, असते, ती बऱ्यापैकी टिकते. बाटलीवर वाचून घ्या.

फ्युजर तापतो म्हणूनच लेझर इन्व्हर्टरवर टाकू नका. छापताना तो मध्येच तीन-चारशे वॅट किंवा त्याहून जास्त ओढतो, छोटा यूपीएस किंवा घरगुती इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडतो. टँक प्रिंटर दहा-वीस वॅटमध्ये भागवतो. लाइट गेली की टँकवर काम चालवा, आली की लेझरवर. दिवसाला दोनशे पानांवर विजेचा खर्च दोन्हींत किरकोळच आहे, त्यावरून मशीन निवडू नका.

दोन मशीनं शेजारी ठेवली की एक अपघात हमखास होतो. मदतनीस पोरगा घाईत इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर लेझरच्या ट्रेमध्ये घालतो. त्याचा थर फ्युजरच्या रोलरवर वितळतो, आणि पुढचं बिल फोटोच्या शंभर सेटांइतकं. फोटो पेपरचं पाकीट टँकच्या बाजूला खिळ्यालाच टांगा.

टँकवर रोजचं काम करणार तर तळाच्या स्पंजचंही लक्षात ठेवा. तो भरला की मशीन लाल दिवे लावून छपाई थांबवतं. नव्या काही मॉडेलांत तो सुट्या डब्यासारखा निघतो आणि स्वतः बदलता येतो. तेच मॉडेल घ्या. जुन्यांत लोक नुसता सॉफ्टवेअरने काउंटर रिसेट करून देतात. स्पंज तसाच भरलेला राहतो, आणि एक दिवस टेबलावर शाईचं तळं होतं.

प्रश्न : ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आमच्या ऑफिसातली छपाई दुपटीवर गेली. रिफील करून घेतो, पण पानावर राखाडी छटा येते, कधी काळे ठिपके. ज्युनियर म्हणतो ओरिजिनलच वापरू. तीन रुपये पानाला देणं योग्य आहे का?
— एक वकील, कोल्हापूर

उत्तर : वकीलसाहेब, आधी आरोपी नीट ओळखा. ठिपका पानावर वरून खाली साधारण साडेसात सेंटिमीटरांवर परत परत येतोय का, ते पट्टीने मोजा. येत असेल तर ड्रमवर ओरखडा आहे, कारण ८८ए आणि १२ए दोन्हींच्या ड्रमचा एक फेरा तेवढाच असतो. नवा ड्रम टाकला की ठिपका गेला. सगळ्या पानावर राखाडी छटा असेल तर ब्लेड झिजलंय किंवा पावडर हलकी आहे. वेगवेगळ्या दोन पावडरी एकमेकींत मिसळल्या तरी असंच होतं.

तुमचा रिफीलवाला काम कसं करतो ते एकदा शेजारी उभं राहून बघा. चांगला माणूस कार्ट्रिज पूर्ण उघडतो, वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा रिकामा करतो, ब्लेड आणि चार्ज रोलर पुसतो, मगच नवी पावडर भरतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस गरम सोल्डरिंगने प्लॅस्टिकला भोक पाडतो, पावडर ओततो, वर चिकटपट्टी लावतो आणि पाच मिनिटांत निघून जातो. वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा तसाच भरत राहतो आणि शेवटी पानावर सांडतो. शंभर रुपये स्वस्त पडतो म्हणून त्याला बोलावू नका.

ओरिजिनल आणि रिफील यांच्या मधली वाटही आहे. नवी कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेली पण तुमच्या मशीनमध्ये बसणारी, कार्ट्रिज सहाशेला मिळाली आणि १,५०० पानं चालली तर चाळीस पैसे पान. त्यात ड्रम, ब्लेड सगळं नवं असतं. मी वकिलांना सांगते, की दोन कार्ट्रिजा ठेवा. रिफीलची मसुदे आणि ऑफिस प्रतीसाठी, नवी कंपॅटिबल दाखल करायच्या अंतिम प्रतीसाठी. बदलायला अर्धं मिनिट लागतं. काढलेली मात्र काळ्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. ड्रमला उजेड सोसत नाही, खिडकीत उन्हात ठेवलात तर पुढच्या पानांवर काळपट पट्टे उमटतात.

पावडर शर्टावर सांडली तर झटका आणि गार पाण्याने धुवा. गरम पाणी लागलं की ती कापडात कायमची बसते. पांढऱ्या शर्टवाल्यांना हे मुद्दाम सांगितलं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे रिफीलवाला मिळत नाही. महिन्याच्या वर्गणीवर शाई घरपोच पाठवणारी योजना घ्यावी का? मराठी शाळेची पानं छापायची असतात.

उत्तर : एचपीची इन्स्टंट इंक म्हणत असाल तर तिथे पैसे पानाचे असतात, शाईचे नाहीत. पूर्ण रंगीत फोटो आणि चार ओळींचं पत्र एकाच दरात. रंगीत चित्रांची पानं भरपूर आणि दर महिन्याला ठरलेली असतील तर फायदा तुमचा. नुसती बाराखडीची काळी पानं असतील तर कंपनीचा. वर्गणी बंद केली की पाठवलेल्या कार्ट्रिजा शाई शिल्लक असूनही चालत नाहीत. मराठी शाळा उन्हाळ्यात बंद असेल तर तेवढ्यापुरता लहान प्लॅन करून ठेवा. माझी निवड विचाराल तर तुमच्याकडेही टँकच, कारण बाटली ओतायला रिफीलवाला लागत नाही.

प्रश्न : सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची आडत आहे. मुलगा म्हणतो जुना डॉट मॅट्रिक्स भंगारात घाला, लेझर आणू. पावतीच्या तीन प्रती लागतात.

उत्तर : शेठ, घालू नका. तीन प्रतींच्या कार्बन कागदावर एका फटक्यात तिन्ही उमटवणं फक्त टाइपरायटरसारखी सुई मारणाऱ्या मशीनलाच जमतं. लेझर तीन वेळा छापेल आणि तीन कागद खाईल. रिबन स्वस्त, हळदीच्या धुळीत लेझरचे रोलर पिवळे होतात ते वेगळंच. मुलाला ई-वे बिल आणि बँकेच्या कागदांसाठी छोटा लेझर आत केबिनमध्ये घेऊन द्या, काटा आणि पावत्यांवर जुनाच राहू दे. दर आठवड्याला त्याचं झाकण उघडून ब्रशने धूळ काढायला सांगा. रिबन फिकी पडल्यावर तिच्यात स्टॅम्प पॅडची शाई घालणारे काही जण आहेत, त्यांना दुकानात येऊ देऊ नका. सुया चिकटतात.